हुशार पोराची जबाबदारी नक्की कोणाची? पालक सारखे विचारतात ते प्रश्न

मी पूर्व उपनगरातल्या एका अनुदानित मराठी शाळेत गणित शिकवते, एकोणीस वर्षं झाली. पालकसभा संपली की खरी सभा जिन्यात सुरू होते. "बाई, एक मिनिट" म्हणून एखादी आई बाजूला घेते आणि हळूच विचारते की याला वर्गात सगळं आधीच येतं, तर आता काय करायचं. सांगताना तिलाच थोडं अवघडल्यासारखं होतं, कारण मूल मागे पडतंय अशी तक्रार करायला कोणाला लाज वाटत नाही पण मूल पुढे आहे असं बोललं की लोकांना ती फुशारकी वाटते. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाचे लिहून काढले. मी वकील नाही, पण शिक्षण हक्क कायदा मुळातून वाचलाय आणि त्यातली कलमं रोज अंगावर घेऊन जगते.

कायद्यात "हुशार मुलं" असा काही वेगळा गट आहे का?

नाही. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, आणि आपल्या राज्याचे नियम २०११ चे. यात वंचित घटक आहेत, दुर्बल घटक आहेत, दिव्यांग मुलं आहेत, शाळाबाह्य मुलं आहेत. ज्याला पुस्तक दिवाळीआधीच संपवून कंटाळा आलाय त्या मुलासाठी वेगळी व्याख्या नाही, वेगळा निधी नाही आणि वेगळा अधिकारीही नाही. त्यामुळे "माझा मुलगा गिफ्टेड आहे, त्याचा हक्क द्या" असं म्हणत ऑफिसात गेलात तर समोरचा माणूस चहा मागवेल आणि विषय बदलेल.

म्हणजे आमच्या मुलाला काहीच मागता येत नाही?

येतं, आणि हे बऱ्याच शिक्षकांनाही माहीत नसतं. कलम २४ मध्ये शिक्षकांची कर्तव्यं दिलीत. वेळेवर येणं, अभ्यासक्रम वेळेत पूर्ण करणं वगैरे आहेच, पण त्यातच एक असं आहे की प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासायची आणि त्याप्रमाणे गरज असेल तर जादा शिकवायचं. आता हे वाचून सगळ्यांच्या डोळ्यासमोर फक्त मागे पडलेलं मूल येतं, जादा तास म्हणजे कच्च्या मुलांचा तास अशी आपली सवयच झालीय. पण कायद्यात "कच्च्या" हा शब्द नाहीये, "प्रत्येक मूल" असं आहे. प्रत्येकात तुमचं पण आलं.

शिवाय कलम २९ आहे, अभ्यासक्रम आणि मूल्यमापन कसं असावं त्याबद्दलचं. त्यात मुलाचं ज्ञान, सुप्त क्षमता आणि प्रतिभा वाढवणं असं सरळ लिहिलंय. मी पालकांना सांगते की "गिफ्टेड" शब्द काढूच नका, कलम २४ आणि २९ म्हणा.

पण मग जबाबदारी कोणाची? शाळा म्हणते पालकांची, पालक म्हणतात शाळेची, पालिका म्हणते सरकारची.

ही टोलवाटोलवी मी रोज बघते. कायद्याने काम वाटून दिलंय, पण दोन वाटण्यांच्या मधल्या फटीत मूल पडतं ही खरी भानगड आहे.

राज्य सरकारने मोफत शिक्षण, शिक्षकांचं प्रशिक्षण, अभ्यासक्रमाचा दर्जा बघायचा, ते कलम ८. स्थानिक प्राधिकरणाने, म्हणजे मुंबईत आपल्या महापालिकेने, आपल्या हद्दीतल्या मुलांची नोंद ठेवायची, शाळा चालतायत का बघायचं, ते कलम ९. शाळेने आणि शिक्षकाने वर सांगितलेलं कलम २४ पाळायचं. आणि पालकांनी मुलाला शाळेत घालायचं, ते कलम १०. शिवाय घटनेतल्या कलम ५१अ च्या कर्तव्यांमध्ये सहा ते चौदा वयाच्या मुलाला शिक्षणाची संधी देणं हे पालकांचं कर्तव्य म्हणून २००२ च्या दुरुस्तीने घातलंय. शिक्षण हा विषय १९७६ पासून समवर्ती सूचीत, म्हणून दिल्लीवाले पण यात आहेत.

दिल्लीवाले सोडले तरी कागदावर चौघं आहेत, पण प्रत्यक्षात मुलाला रोज बघणारे दोघंच, तुम्ही आणि वर्गशिक्षक. हे दोघं एकमेकांशी नीट बोलले तर बाकीचे दोघं नसले तरी निम्मं काम होतं. आणि हे बोलणंही ऐच्छिक नाहीये बरं का, पालकांशी नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, प्रगती सांगायची हेसुद्धा कलम २४ मध्येच आहे.

शिक्षक म्हणतात पन्नास पोरं आहेत, एकासाठी वेगळं कसं शिकवू?

त्यांचंही खोटं नाही. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकांना दुसरी कामं देऊ नयेत असं कलम २७ म्हणतं, आणि मुंबईत निवडणुकीचं काम काय असतं ते बीएलओ, म्हणजे मतदार यादीसाठी घरोघर फिरणारा अधिकारी, झालेल्या कोणालाही विचारा, चाळीत चार मजले चढून दार वाजवायचं आणि आतून आवाज यायचा, "नंतर या".

पण वेगळं शिकवावं लागतच नाही बऱ्याचदा. एक मुलगा सांगते, सहावीतला, नाव नको. गणिताच्या तासाला मागच्या बाकावर वहीच्या शेवटच्या पानांवर काहीतरी खरडत असायचा, मला वाटलं चित्रं काढतोय. एक दिवस वही ओढून घेतली तर त्यात सीएसएमटीपासूनची स्टेशनं एकाखाली एक लिहिलेली आणि समोर किलोमीटर. त्याने धरलं होतं की स्लो लोकल थांबत थांबत ताशी ३० ने जाते आणि फास्ट ताशी ४५ ने, स्लो आठ मिनिटं आधी सुटली तर फास्ट तिला कुठे गाठेल. आठ मिनिटांत स्लो ४ किलोमीटर पुढे गेली, दर तासाला १५ किलोमीटरचा फरक भरून निघतो म्हणजे १६ मिनिटं लागतील, आणि १६ मिनिटांत फास्ट १२ किलोमीटर गेली. उत्तर लिहिलेलं: माटुंगा आणि सायनच्या मधे. मी म्हटलं शाबास, तर हा म्हणतो, "नाही बाई, चुकलंय. फास्ट भायखळ्याला आणि दादरला थांबते, ते वेगळं धरायला पाहिजे."

त्याच्यासाठी मी काही मोठं केलं नाही. सरावसंचातली वीस उदाहरणं सगळ्यांना, त्याला त्यातली शेवटची चार अवघड, ती बरोबर आली की उरलेली सोडून द्यायची आणि त्या वेळात स्वतः एक उदाहरण तयार करायचं जे मला सुटणार नाही. आठवड्यातून दोनदा मला खरंच सुटायचं नाही, वर्गात टाळ्या पडायच्या. माझा खर्च शून्य, जादा वेळ दहा मिनिटं. तुम्ही शिक्षकांकडे गेलात की "त्याच्यावर जास्त लक्ष द्या" असं मोघम बोलू नका, हे असं ठरावीक मागा. "येत असलेली वीस उदाहरणं परत करायला लावू नका, त्याऐवजी अवघड चार द्या." याला नाही म्हणणारा शिक्षक मी अजून तरी पाहिला नाही. वैतागणारे पाहिलेत.

आयक्यू टेस्ट करून रिपोर्ट दिला तर शाळेला ऐकावं लागेल का?

नाही. रिपोर्टला कायद्याने तसं काही वजन नाही आणि शाळा त्यावरून प्रवेश पण देऊ शकत नाही. कलम १३ प्रमाणे प्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा पालकांची चाळणी परीक्षा घेणं गुन्हा आहे, पहिल्यांदा २५ हजार आणि पुढे दर वेळी ५० हजारापर्यंत दंड. टेस्ट करायची तर स्वतःला समजून घ्यायला करा, मुलाला वाचता येतंय पण लिहिता येत नाही अशी शंका असेल तर जरूर करा, पण नुसता आकडा मिळवून सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा असेल तर पैसे वाचवा आणि त्याची पुस्तकं आणा.

वर्षभर वाया घालवण्यापेक्षा एक इयत्ता वर ढकलता येईल का?

आमच्या वडिलांच्या पिढीत व्हायचं, हेडमास्तर पोराला उचलून सरळ पुढच्या वर्गात बसवायचे. आता सगळा गाडा वयाप्रमाणे वर्ग असा चालतो, पहिलीला सहा वर्षं पूर्ण, आणि पुढे सरल, यूडायस या सरकारच्या ऑनलाइन नोंदींत सगळीकडे जन्मतारीख. अशी उडी मारायची सरळ वाट कायद्यात नाही. काही पालक एनआयओएसचा विचार करतात, मुक्त शाळा, पण तिथेही दहावीला किमान १४ वर्षं लागतात, तेव्हा वाचून वाचून एखादं वर्ष वाचणार.

माझं मत विचाराल तर गणितात दोन वर्षं पुढे असलेलं मूल मैदानावर आणि डब्याच्या सुट्टीत आपल्याच वयाचं असतं. एका विषयात वरचं पुस्तक द्या, वर्ग राहू द्या.

स्कॉलरशिप आता नक्की कितवीला? चौथी की पाचवी?

यावरून ग्रुपवर जेवढी भांडणं झालीत तेवढी पाण्यावरून होत नाहीत. आमच्या वेळी चौथी आणि सातवी होती, मग २०१६-१७ पासून पाचवी आणि आठवी झाली, आणि आता सरकारने परत चौथी-सातवी केलीय. २०२५-२६ हे बदलाचं वर्ष म्हणून त्यात चारही इयत्ता, आणि पुढे फक्त चौथी आणि सातवी. परीक्षा घेते पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद. दोन पेपर, १५०-१५० चे, एकूण ३००. पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी म्हणजे तृतीय भाषा आणि बुद्धिमत्ता चाचणी.

पैसे म्हणाल तर वर्षाला ५ हजार लहान गटाला आणि साडेसात हजार मोठ्या गटाला, ते पण गुणवत्ता यादीत आलात तर. क्लास लावलात तर फीमध्येच ते संपतील. पण बुद्धिमत्ता चाचणीचा पेपर मला आवडतो, कारण आपल्याकडे पोराला पाठ न करता विचार करायला लावणारा तो बहुतेक पहिला कागद.

फॉर्म कोण भरतं? आणि शाळा विसरली तर?

शाळा भरते, तिच्या लॉगिनमधून, आणि हीच ती फट जी मी वर म्हटली. स्कॉलरशिप असो, एनएमएमएस ही आठवीची शिष्यवृत्ती परीक्षा असो, इन्स्पायर मानक ही विज्ञानातल्या कल्पनांची योजना असो (त्यात शाळेने आपल्या मुलांच्या पाच कल्पना नॉमिनेट करायच्या असतात आणि निवड झाली तर मुलाला १० हजार मिळतात), सगळीकडे चावी मुख्याध्यापकांच्या हातात. पालकाला घरी बसून करता येत नाही.

माझ्या स्वतःच्या मुलीच्या बाबतीत झालंय. मी शिक्षिका, तरी झालं. तिच्या शाळेत मुख्याध्यापक बदलले होते, पोर्टलचा ओटीपी जुन्या सरांच्या मोबाईलवर जायचा आणि जुने सर गावी, कोकणात, रेंज नाही. क्लार्क रोज म्हणायचे "उद्या होईल". शेवटच्या दिवशी रात्री साडेदहाला मी शाळेच्या ऑफिसात क्लार्कच्या शेजारी बसलेले, स्क्रीनवर ते गोल गोल फिरणारं चाक, साइट एवढी हळू की एकेक फोटो चढायला पाच मिनिटं, आणि बारा वाजले. सात मुलींचे फॉर्म राहिले. कोणी वाईट वागलं नव्हतं, फक्त ते काम कोणाच्याच नावावर नव्हतं. मुलगी घरी काही बोलली नाही, सकाळी सरावाची पुस्तिका रद्दीच्या गठ्ठ्यात ठेवून शाळेत गेली.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, जुलैमध्येच शाळेला साध्या कागदावर अर्ज द्या की माझ्या मुलाला अमुक परीक्षेला बसवायचंय, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घ्या. शिक्का मागितला की ऑफिसमध्ये तोंड वाकडं होतं, होऊ द्या. मुदत संपायच्या दोन आठवडे आधी जाऊन फॉर्मची प्रिंट बघा, नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख पण.

एनएमएमएस आणि एनटीएस यात फरक काय?

एनएमएमएस आठवीत, पालकांचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांपर्यंत, आणि मूल सरकारी, पालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत पाहिजे. विनाअनुदानित, केंद्रीय विद्यालय, नवोदयवाल्यांना नाही. नववी ते बारावी वर्षाला १२ हजार मिळतात. माझ्या मते मुंबईतल्या पालिका शाळांच्या मुलांसाठी सगळ्यात कामाची योजना हीच, कारण आठवीनंतर गळती जिथे सुरू होते नेमकं तिथे पैसे येतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून लागतो, तो शेवटच्या आठवड्यात काढायला जाऊ नका.

एनटीएस म्हणजे राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा, दहावीची, एनसीईआरटीची, १९६३ पासून चालत आलेली. ती २०२१ पासून थांबवलेली आहे. तरीही "एनटीएस फाउंडेशन" नावाने बॅच विकणारे क्लास दिसले तर त्यांना आधी हे विचारा.

होमी भाभा, ऑलिंपियाड हे सगळं सरकारी आहे का?

होमी भाभा बालवैज्ञानिक ही मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेची परीक्षा, सहावी आणि नववीसाठी. लेखी, मग प्रयोग, मग प्रकल्प आणि मुलाखत. सरकारने लादलेली नाही, शिक्षकांनीच १९८१ पासून चालवलेली, म्हणून मला तिच्याबद्दल जरा जास्तच माया आहे. अर्थात आता तिचेही महागडे क्लास निघालेत आणि प्रकल्प आईबाबाच करतात, ते परीक्षकांना पहिल्या मिनिटाला कळतं.

ऑलिंपियाड म्हटलं की एक घोळ होतो. शाळेत जी "ऑलिंपियाड"ची पाकिटं येतात, फी भरा आणि मेडल घ्या, ती खासगी कंपन्यांची. खरी राष्ट्रीय ऑलिंपियाड वेगळी, तिचं केंद्र आपल्या मानखुर्दला आहे, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, टीआयएफआरचा, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग. गणिताची पहिली पायरी आयओक्यूएम, तीन तास, तीस प्रश्न, १०० मार्क आणि पर्याय नाहीतच, उत्तर दोन अंकी संख्या. त्यातून आरएमओ ही विभागीय, मग आयएनएमओ ही राष्ट्रीय. १९९६ ची आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड मुंबईतच झाली होती हे मी वर्गात सांगितलं की पोरांना खरं वाटत नाही, मानखुर्द म्हटलं की त्यांना फक्त ट्रॉम्बेची बस आठवते.

शाळेतलेच सर बाहेर क्लास घेतात, तिथे पाठवू का?

कलम २८, शिक्षकाने खासगी शिकवणी करायची नाही. मी याच व्यवसायातली आहे म्हणून यापुढे बोलत नाही. तुमच्या मुलाला वर्गात जे मिळायला हवं ते संध्याकाळी सहाला फी घेऊन मिळत असेल तर प्रश्न मुलाला किती येतं हा नाहीच.

मुलगी तोंडी सगळं सांगते, कोडी सोडवते, पण लिहिलं की चुकाच चुका. बाई म्हणतात आळशी आहे.

हा प्रश्न कमी येतो पण मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते, म्हणून जरा थांबते. हुशारी आणि अध्ययन अक्षमता एकाच डोक्यात नांदू शकतात. अशा मुलीची हुशारी तिची अडचण झाकते आणि अडचण हुशारी झाकते, मग मार्क मधलेच येतात आणि घरी-शाळेत सगळे म्हणतात की हिला यायला पाहिजे पण ही मन लावत नाही. चौथीपाचवीपर्यंत स्मरणशक्तीवर निभावतं, सहावीसातवीत लिहायचं वाढलं की एकदम कोसळतं.

इथे मात्र कायदा तुमच्या बाजूने स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत आणि त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. हुशार असल्यामुळे त्यातून बाद व्हायला होत नाही. मुंबईत सायन आणि नायरसारख्या पालिका हॉस्पिटलांत तपासणी होते. रांग मोठी असते, एका दिवसात होत नाही, दोनतीन फेऱ्या धरा, शाळेचं पत्र आणि मुलीच्या वह्या बरोबर न्या, छापील प्रगतिपुस्तकापेक्षा वह्या जास्त बोलतात. सर्टिफिकेट मिळालं की परीक्षेत जादा वेळ वगैरे सवलती मिळतात, बोर्डाला पण. आठवीनववीतच करून घ्या, दहावीच्या डिसेंबरात धावपळ करू नका.

आणि बाईंशी भांडू नका, त्यांना फक्त एवढं म्हणा की एकदा हिची तोंडी परीक्षा घेऊन बघा.

नवीन शैक्षणिक धोरणात काही आहे का?

आहे. २०२० च्या धोरणात विशेष प्रतिभा असलेल्या मुलांवर स्वतंत्र भाग आहे. अशा मुलांना शिक्षकांनी जादा साहित्य आणि मार्गदर्शन द्यावं, विषयवार क्लब काढावेत, शाळेपासून देशपातळीपर्यंत ऑलिंपियाड व्हाव्यात, एनसीईआरटी आणि शिक्षक प्रशिक्षण बघणाऱ्या एनसीटीईने मार्गदर्शक सूचना कराव्यात, बीएडमध्ये या विषयाचं स्पेशलायझेशन ठेवता यावं, असं सगळं. वाचायला छान आहे. पण धोरण म्हणजे कायदा नाही, त्यावरून शाळेला जाब विचारता येत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत मात्र याचा दाखला देता येतो, आणि तिथे पालक कमी नसतात, तीन चतुर्थांश पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असं कलम २१ सांगतं. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. त्यात "गणित क्लब, दर शनिवारी, एक खोली आणि एक फळा" एवढी ओळ घालून घ्या. आमच्याकडे घातली. खोली मिळाली, फळा पुढच्या वर्षी आला.

अमेरिकेत म्हणे सगळं कायद्याने मिळतं?

माझी मावसबहीण नॉर्थ कॅरोलिनात आहे, तिच्या मुलाच्या निमित्ताने मी हे वाचलं. तिकडेही अख्ख्या देशाचा एकच नियम नाही, राज्याराज्याचा वेगळा. नॉर्थ कॅरोलिनात १९९६ पासून राज्याचा कायदाच आहे की प्रत्येक स्थानिक शाळा मंडळाने हुशार मुलांसाठी लेखी आराखडा करायचा, मुलं कशी ओळखणार, त्यांना काय देणार, शिक्षकांना काय शिकवणार, पालकांना कसं सामील करणार ते सगळं त्यात. तो स्थानिक मंडळाने मंजूर करायचा, राज्य मंडळाकडे तपासायला पाठवायचा, आणि तो जास्तीत जास्त तीन वर्षं चालतो. मला आवडलं ते हे की पालक आणि शाळा यांचं पटलं नाही तर काय करायचं त्याची रीतही त्याच आराखड्यात लिहावी लागते.

बहीण म्हणते तिकडेही "माझं पोर यादीत का नाही" यावरून आया भांडतातच. म्हणजे तेवढं तरी आपल्यासारखंच.

आमची शाळा आयसीएसई / सीबीएसई / कॉन्व्हेंट आहे, हे सगळं लागू का?

बोर्ड कुठलंही असो, कायदा लागू. फक्त अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना, अनुदानित असो वा नसो, सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या निकालाने यातून वगळलंय, आणि मुंबईत अशा शाळा भरपूर. २०२५ मध्ये कोर्टाच्याच दुसऱ्या खंडपीठाने त्यावर शंका घेऊन विषय मोठ्या खंडपीठाकडे पाठवायचं ठरवलं. विनाअनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समितीची सक्ती नाही, पण फी कायद्यामुळे पालक-शिक्षक संघ असतो, तिथे बोला.

शाळा ऐकतच नाही. तक्रार कुठे करायची?

आधी वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक, लेखी. पालिकेची शाळा असेल तर बीट ऑफिसर, मग वॉर्डाचे प्रशासकीय अधिकारी, ज्यांना शाळांमध्ये सगळे एओ म्हणतात. अनुदानित किंवा खासगी माध्यमिक असेल तर शिक्षण निरीक्षक, मुंबईत दक्षिण, पश्चिम आणि उत्तर असे तीन, आणि त्यांच्यावर चर्नी रोडला बालभवनात उपसंचालक. कलम ३२ प्रमाणे लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे दिली की त्यांनी तुमचं ऐकून घेऊन तीन महिन्यांत निर्णय द्यायचा, आणि तो पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील.

पण खरं सांगू का, तीन महिन्यांत सहामाही होऊन जाते. आणि तक्रार करणाऱ्याच्या मुलाकडे स्टाफरूममध्ये कशा नजरेने बघतात ते मला माहीत आहे. फॉर्म मुद्दाम भरला नाही, प्रवेशाला परीक्षा घेतली, मुलाला वर्गात "अतिशहाणा" म्हणून बोलून घेतलं अशी बाब असेल तर जरूर करा (शेवटचं तर कलम १७ मध्ये मानसिक त्रास म्हणून बसतं). गृहपाठ सोपा देतात म्हणून नको.

आठवीनंतर काय?

कायदा सहा ते चौदा आणि आठवीपर्यंत. नववीला कलम २४ चा आधार संपतो. म्हणून जी सवय लावायची ती आधीच.

क्लासची फी झेपत नाही. फुकटात काय आहे?

मुंबईत राहून हा प्रश्न विचारू नये असं मला वाटतं, पण खरंच लोकांना माहीत नसतं. टीआयएफआरचे शास्त्रज्ञ "चाय अँड व्हाय" करतात, रविवारी सकाळी, जुहूला पृथ्वी थिएटरला आणि माटुंग्याला रुपारेल कॉलेजला, कोणीही जावं, तिकीट नाही, आणि प्रश्न विचारायला वयाची अट नाही. चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषद आहे, १९६६ पासूनची, तिथे मराठीतून व्याख्यानं आणि प्रयोग होतात. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र फुकट नाही पण फारसं महाग पण नाही. आणि वॉर्डातलं जवळचं वाचनालय, जिथे काकांना पटवलं तर ते मोठ्यांच्या कपाटातलं पुस्तक पण देतात.

त्या लोकलवाल्या मुलाला मी एकदा रुपारेलला घेऊन गेले होते. दीड तास एक शब्द नाही बोलला. शेवटी माइक फिरत फिरत आला तर उभा राहिला, एक प्रश्न विचारला आणि समोरच्या शास्त्रज्ञांनी थोडा विचार करून सांगितलं, "हे मला आत्ता सांगता येणार नाही, बघून सांगतो." येताना माटुंगा रोडच्या पुलावर त्याने मला तीनदा विचारलं, "बाई, त्यांना खरंच येत नव्हतं?"

एक शेवटचं. मोठा हुशार आहे, धाकटी साधारण. तिला वाईट वाटतं.

तिची वही आणा एकदा. शेवटची पानं बघू.